मोठा शब्द, बारीक ओळ

इराकातील नजफ येथे १९४४ साली जन्मलेले व १९६९ साली पॅरिसला गेलेले हसन मसूदी यांनी सूफी कवींच्या ओळी अरबी सुलेखनात उतरविल्या आहेत. बहुधा एकच शब्द पानभर उभा राहतो, उरलेली ओळ पायथ्याशी बारीक अक्षरांत. तो डौल पाहून अरबी न येणाराही थबकेल. तक्रार आहे ती पायथ्याबद्दल. इब्न अरबीने (११६५–१२४०) आपल्या प्रेमधर्माच्या कवितेत हृदयात मठ, काबा आणि आपल्या तोराच्या पाट्याही शेजारी शेजारी बसविल्या. प्रेम त्यानंतर येते. एकच शब्द फुगविला की ही शेजारपणाची गोडी जाते. शेमातले ‘आयिन’ व ‘दालेत’ही मोठेच, पण सोफेर त्यासाठी शेजारची अक्षरे बारीक करीत नाही. रंगांबाबत मात्र मसूदींना नावे ठेवणे कठीण!