शिल्लक पुढे ओढली

आवडती पंचवीस गाणी एकाखाली एक लिहिली की गाण्यांची यादी तयार झाली, असा पुष्कळांचा समज असतो. तसं असतं तर आमटी, श्रीखंड आणि लोणचं एकाच पातेल्यात ओतणाऱ्यालाही उत्तम आचारी म्हणावं लागेल! मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, कन्हानच्या एका बँकेत कारकून. मला कळतं ते इतकंच, की मागच्या पानाची अखेरची शिल्लक पुढच्या पानावर आरंभीची शिल्लक म्हणून यावी लागते. गाण्यांचंही तेच. एक गाणं संपताना ऐकणाऱ्याच्या मनात जे उरतं, त्यावर पुढच्या गाण्याने उभं राहायचं असतं.

या हिशेबाने तपासलं तर 'गीतरामायणा'इतकी चोख वही मराठीत दुसरी नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली आणि आठवड्याला एक गाणं. वर्षाची बावन्न व्हायची. पण मध्ये अधिक मास आला नि छप्पन्न झाली. (अधिकाचं वाण जावयाला मिळतं, त्या वर्षी श्रोत्यांनाही मिळालं.) लोक शब्दांचं कौतुक करतात, चालींचं करतात. क्रमाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. तुम्ही म्हणाल, त्यात काय, क्रम वाल्मीकींनी आयताच दिला होता!

छे हो. पहिलं गाणं गोष्टीच्या सुरुवातीचं नाहीच मुळी. लव-कुश रामासमोर उभे राहून रामकथा गातात, हा प्रसंग शेवटाकडचा. गदिमांनी तो पहिल्या पानावर घेतला. गाणारी मुलं कोणाची, हे ना रामाला ठाऊक, ना मुलांना. फक्त आपल्याला ठाऊक. ही शिल्लक घेऊन आपण रामजन्मापासून निघतो. पंचावन्नावं गाणं रानात सोडलेल्या सीतेचं. त्याच्यामागून छप्पन्नावं: रामासमोर कसं गायचं ते वाल्मीकी दोघा मुलांना सांगताहेत. मधली सगळी वर्षं एकाही गाण्यात नाहीत. ती दोन गाण्यांमधल्या शांततेत आहेत. आणि छप्पन्नावं संपलं की पुन्हा पहिलंच लावावं लागतं, कारण मुलं गायला निघालेली असतात!

रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये सुरू झालेल्या बिनाका गीतमालेतही पुढे क्रमवारी असे. पण ती लोकप्रियतेची. कोणाच्या खात्यात ठेव किती, एवढंच. शेजारच्या गाण्याशी कोणाला देणंघेणं नाही.

कन्हान जंक्शनवरून रामटेकचा फाटा फुटतो. तेव्हा रामाकडे जायचं तर रूळ नीट जुळावे लागतात, हे निदान आमच्या गावाला तरी कळायला हवं. पण यंदा रामनवमीला गल्लीतल्या भोंग्यावर पेनड्राइव्ह लावला होता, तोही उलटसुलट वाजणारा. आधी सेतू बांधून झाला, मग सीतेला रानात सोडलं, मग रामजन्म. शेजारच्या आजींना डोळ्यांनी दिसत नाही. वर्षातून एकदा ओट्यावर बसून त्या कानांनी रामायण 'पाहतात'. त्या भोंगेवाल्या पोराला म्हणाल्या, "काहून रे बाप्पा, लग्नाच्या आधीच टाकून दिलं का तिले?"

"आजी, सारी गाणी रामाचीच तं आहेत ना!"

आजी काही बोलल्या नाहीत. काठी चाचपत घरात गेल्या आणि दार लोटून घेतलं.

त्या पोराला मी चहा पाजला आणि प्रत्येक गाण्याच्या नावाआधी ०१ ते ५६ आकडे घालून दिले. व्हाउचरला घालतो तसे. त्याने यादी नीट पाहिली नि म्हणाला, "जमते काका. फक्त अठ्ठावीसच्या नंतर महाप्रसादाची अनाउन्समेंट टाकू द्या."

मी अठ्ठाविसावं कोणतं ते पाहायला बसलो.