‘एकच प्याला’ ते ‘गर्द’ : व्यसनाचे वाङ्मयीन आकलन

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये, नाटककाराच्या निधनानंतर, रंगभूमीवर आले. या नाटकाची समीक्षा प्रामुख्याने सिंधूचे पातिव्रत्य आणि गडकऱ्यांचे भाषावैभव यांभोवती फिरत राहिली. बालगंधर्वांच्या सिंधूचा प्रेक्षकमनावर उमटलेला ठसा हेही त्याचे एक कारण असावे. परिणामी गडकऱ्यांनी व्यसनाच्या स्वरूपाविषयी जे जाणले होते, ते काहीसे दुर्लक्षित राहिले. अपमानाने पोळलेला वकील सुधाकर तळीरामाच्या आग्रहास बळी पडतो, हे सर्वपरिचित आहे. नाटकाचे मर्म मात्र त्याच्या दुसऱ्या पतनात आहे. मद्यत्यागाचा निश्चय करून तो कामासाठी प्रतिष्ठितांची दारे ठोठावतो. तेथे उपहास वाट्याला येताच पुन्हा प्याल्याकडे वळतो. पहिल्या पतनामागे त्याचा अहंकार होता. दुसऱ्याची जबाबदारी समाजाला टाळता येत नाही. सुटलेले व्यसन पुन्हा का जडते, या आजच्या व्यसनोपचारातील कळीच्या प्रश्नाला गडकऱ्यांनी येथे हात घातला आहे.

हीच दृष्टी सिंधूच्या बाबतीत ढळते. सुधाकराच्या हातून मूल दगावते, सिंधू स्वतः मरणासन्न होते. तरीही ती पतीला वाचविणारा खोटा जबाब देते. व्यसनी माणसाला त्याच्या कृत्यांच्या परिणामांपासून सतत वाचविले की व्यसनच पोसले जाते, असे समुपदेशक सांगतात. गडकरी मात्र या जबाबाला सतीत्वाचा कळस मानतात. नाटकाचा हा उणेपणा शोकात्म भव्यतेच्या नावाखाली झाकता येणार नाही.

१९८० च्या दशकात ब्राउन शुगरचा विळखा शहरांतील तरुणांभोवती पडला. अनिल अवचट यांच्या ‘गर्द’मधील लेखनाने ही वस्तुस्थिती मराठी वाचकांसमोर आणली. येथे अलंकार नाहीत, स्वगते नाहीत. पुडी, पन्नी, ‘टर्की’ हे शब्द व्यसनींच्याच बोलीतले. पुडी न मिळाल्यावर शरीर कसे पिळवटून निघते हे सांगायला ‘टर्की’ हा एकच शब्द त्यांना पुरतो. सुधाकराला मात्र मद्याच्या अवस्थांचे विवेचन करायला प्रदीर्घ भाषण लागते! दुःखाला वक्तृत्वाचा आधार नाकारणे हे अवचटांच्या शैलीचे सामर्थ्य होय. अर्थात, गडकऱ्यांनी उभा केलेला आंतरिक झगडा या अनलंकृत गद्यात त्याच तीव्रतेने येत नाही, हेही मान्य करावे लागते.

या लेखनाने अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्यातून १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले, डॉ. अनिता अवचट यांनी त्याची धुरा वाहिली. एखाद्या लेखनाची अशी परिणती मराठीत क्वचितच झाली असेल. गडकऱ्यांच्या नाटकात उपदेश करतो तो रामलाल, स्वतः कधीही न घसरलेला. ‘मुक्तांगण’मध्ये मात्र नव्या रुग्णाशी बोलणाऱ्यांत व्यसनातून बाहेर पडलेले पूर्वीचे रुग्णही असतात. रामलालच्या जागी सावरलेला सुधाकर बोलू लागतो, आणि या पात्राला ‘एकच प्याला’च्या संविधानकात कोठेही जागा नव्हती.