मुकुट आणि सख्य : ‘पोन्नियिन सेल्वन’मधील एक प्रश्न

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला प्रदीर्घ मराठी लेख अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. परंतु ज्या राजराज चोळाने हे मंदिर १०१० च्या सुमारास पूर्ण केले, त्याच्या तारुण्याभोवती गुंफलेली तमिळ कादंबरी मराठी रसिकांना तितकीशी परिचित नाही. ‘कल्की’ या नावाने लिहिणाऱ्या रा. कृष्णमूर्तींची ‘पोन्नियिन सेल्वन’ ही पाच भागांची कृती १९५० ते १९५४ या काळात मद्रासच्या ‘कल्की’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. हरिभाऊ आपट्यांची ‘उषःकाल’ ‘करमणूक’ पत्रातून जशी हप्त्याहप्त्याने घरोघर पोचली, तशीच ही. पोन्नी म्हणजे कावेरी; तिचा लाडका पुत्र तो अरुळमोळीवर्मन, म्हणजेच पुढचा राजराज.

या कादंबरीविषयी चेन्नईच्या वाचकांत चालत आलेले वाद दोन प्रकारचे आहेत. युवराज आदित्य करिकालनाचा वध कोणी केला, हा पहिला. कडंबूरच्या महालातील त्या रात्रीवरचा पडदा लेखकाने मुद्दामच पुरता उचललेला नाही. दुसरा वाद कमी गाजलेला, पण अधिक मोलाचा आहे : या कथेत खरा शहाणा राज्यकर्ता कोण? कोणी महामंत्री अनिरुद्ध ब्रह्मरायरांचे नाव घेतो, कोणी राजकन्या कुंदवैचे, कोणी अरुळमोळीचे. मणिरत्नम यांच्या २०२२ व २०२३ मधील दोन चित्रपटांनंतर हे वाद नव्या पिढीतही पोचले. या प्रश्नाचे उत्तर कादंबरीतील मैत्रींच्या चित्रणात दडलेले आहे, इकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

कथेचा नायक वंदियत्तेवन हा राज्य गमावलेल्या वाणर कुळातील तरुण. त्याचा कुलशीलाने जुळणारा मित्र म्हणजे कडंबूरचा कंदमारन. तंजावरच्या भुयारात कंदमारनाच्या पाठीत सुरा बसतो. वंदियत्तेवन त्याला खांद्यावरून वाहून नेऊन वाचवतो. आणि शुद्धीवर आलेला कंदमारन त्यालाच मारेकरी समजतो. जी मैत्री जुळणे स्वाभाविक होते, ती एका संशयाने तुटते. उलट जिथे मैत्री जुळण्याचे काहीही कारण नाही, तिथे ती जुळते. हाती सोटा घेऊन शैवांशी हुज्जत घालणारा आळ्वारकडियान नंबी हा महामंत्र्यांचा हेर. वंदियत्तेवनाला तो प्रथम संकटच वाटतो. पण लंकेच्या अरण्यात तोच त्याचा वाटाड्या ठरतो. देवासाठी फुले खुडणारा सेंदन अमुदन तर राजकारणाशी संबंधच नसलेला. तरी परक्या तरुणाला आपल्या झोपडीत थारा देतो.

ही रचना योगायोगाची नव्हे. कल्कींच्या सृष्टीत शहाणपण म्हणजे केवळ दूरदृष्टी नव्हे. विश्वास ठेवण्याला परंपरेचा आधार नसताना तो ठेवण्याचे धैर्य म्हणजे शहाणपण. कुंदवै जवळजवळ अनोळखी अशा तरुणाच्या हाती आपल्या भावासाठी पत्र देते. अरुळमोळी या नव्या मित्रासाठी वादळात, जळत्या जहाजाकडे धावतो. ज्यांना असा विश्वास टाकता येत नाही, ते पराक्रमी असले तरी शहाणे ठरत नाहीत. करिकालन आणि थोरले पळुवेट्टरैयर ही त्याची दोन करुण उदाहरणे होत.

या विश्वासाची राजकीय परिणती म्हणजे मुकुटाचा त्याग. अनुराधपुरात बौद्ध संघ लंकेचे सिंहासन देऊ करतो, तेव्हा अरुळमोळी ते नाकारतो; शेवटी, चोळांचे सिंहासन हाताशी आलेले असताना, तो मुकुट सेंदन अमुदनाच्या मस्तकावर ठेवतो, कारण तोच खरा मधुरांतक, पुढचा उत्तम चोळ, असे उघडकीस आलेले असते. या त्यागाला तिरुवालंगाडूच्या ताम्रपटाचा आधार आहे. प्रजेची इच्छा असूनही चुलत्याला राज्य हवे आहे तोवर अरुळमोळीने ते घेतले नाही, असे तो ताम्रपट सांगतो. इतिहासकार नीलकंठ शास्त्रींनी मात्र या कथनावर विश्वास ठेवला नाही. करिकालनाच्या वधामागे उत्तम चोळाचा हात असावा, असा संशय त्यांनी व्यक्त केला. इतिहासकाराला जिथे कट दिसला, तिथे कादंबरीकाराने औदार्य पाहिले. स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगलेल्या लेखकाने ते पाहावे, हेही स्वाभाविकच.

पण येथेच कादंबरीचे वैगुण्यही आहे. प्रजेला अरुळमोळीच हवा असतो. निर्णय मात्र मोजक्या माणसांत ठरतो आणि राज्याभिषेकाच्या क्षणी प्रजेपुढे विस्मयकारक दृश्य म्हणून येतो. हे प्रकरण वाचणाऱ्या वाचकांनी १९५१-५२ च्या निवडणुकीत नुकतेच मतदान केले होते. त्यांच्यापुढे ठेवलेला आदर्श राजा मोह जिंकतो, पण प्रजेला विचारत नाही. शिवाय त्याला हा त्याग फारसा जड जात नाही. त्याच्या मनातील झगडा वाचकाला दिसत नाही. उलट पळुवेट्टरैयर चुकतो, आपली चूक ओळखतो, तिने कोसळतो. म्हणून त्याचे उशिरा आलेले शहाणपण अधिक अस्सल वाटते. अरुळमोळीविषयी आदर वाटतो. पळुवेट्टरैयराविषयी करुणा वाटते, आणि कलेच्या दृष्टीने हे दुसरे यश मोठे आहे.

कल्कींनी अखेरीस उपसंहार जोडून पात्रांचे पुढे काय झाले, या वाचकांच्या पृच्छांना उत्तरे दिली. शहाणा कोण, या प्रश्नाचे उत्तर मात्र असे सांगून देता येण्याजोगे नव्हते. ते कथेतच आहे : लंकेच्या वाटेवरील त्या दोन विजोड प्रवाशांच्या सोबतीत आणि फुले खुडणाऱ्याच्या झोपडीत ते जितके स्पष्ट उमटले आहे, तितके राज्याभिषेकाच्या मंडपात उमटलेले नाही.