आरोग्य : योजना की हक्क?

आजचा विषय मंगळवेढ्यात मांडणं सोपंही आहे आणि अवघडही. सोपं अशासाठी, की दामाजीपंतांची गोष्ट इथे कुणाला सांगावी लागत नाही. दुष्काळ पडला, लोक अन्नावाचून मरू लागले, पंतांनी बादशहाचं कोठार उघडलं, आणि त्या धान्याची रक्कम बेदरला भरायला विठू महाराच्या रूपात खुद्द विठ्ठल गेला, अशी आपली श्रद्धा. अवघड अशासाठी, की ही गोष्ट आपल्याला इतकी प्रिय आहे की तिच्यातला एक प्रश्न आपण विचारतच नाही. कोठार उघडायला दयाळू अधिकारी लागला. तो नसता तर? भुकेल्या माणसाला त्या धान्यावर हक्क सांगता आला असता का?

हाच प्रश्न आज आपण राज्याच्या आरोग्य योजनेला विचारणार आहोत.

आधी श्रेय देऊ. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला सोलापूर होता. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवरच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, एक पैसा न भरता. यादीत ९७१ उपचार. २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. मग २८ जुलै २०२३ चा शासन निर्णय आला आणि १ जुलै २०२४ पासून तो लागू झाला. रक्कम पाच लाख झाली, उपचार १३५६ झाले, आणि शिधापत्रिकेचा रंग कोणताही असो, राज्यातलं प्रत्येक कुटुंब त्यात आलं. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण टाकण्याची वेळ या योजनेनं अनेकांवरची टाळली आहे. तिला नावं ठेवायला आम्ही इथे उभे नाही.

मग टीका कशावर? टीका तिच्या पायावर आहे. हा सगळा डोलारा शासन निर्णयावर उभा आहे, कायद्यावर नाही. फरक कागदाचा वाटतो, पण तो माणसाला कसा भिडतो ते पाहा. २०२४ पूर्वी पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्याला ही योजना फक्त १४ जिल्ह्यांत मिळत होती. ते मराठवाड्यातले, विदर्भातले, शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेले जिल्हे. त्यांना मिळालं ते योग्यच. पण सोलापूर त्या यादीत नव्हता. म्हणजे मंगळवेढ्याच्या दक्षिण भागातला, पाण्याची वर्षानुवर्षं वाट पाहणारा ज्वारीवाला पांढऱ्या कार्डामुळे बाहेर, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडून उस्मानाबादेत गेलं की तशाच रानातला, तशाच कार्डाचा शेतकरी आत. दुष्काळ दोघांचा एकच. रेघ एका आदेशानं ओढली, दुसऱ्या आदेशानं पुसली. उद्या तिसरा आदेश ती पुन्हा ओढू शकतो, आणि त्यासाठी विधानसभेत चर्चासुद्धा व्हावी लागत नाही.

आता एक गंमत सांगतो, पण हसू येणार नाही अशी. आपल्याकडे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. अधिवासाचा दाखला ठरलेल्या मुदतीत मिळाला नाही, तर पहिलं अपील आहे, दुसरं अपील आहे, वर आयोग आहे, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. म्हणजे योजनेत शिरायला जो दाखला दाखवायचा, तो तुमचा कायदेशीर हक्क. तो दाखवून जी खाट मिळवायची, ती मात्र सरकारची सोय! रुग्णालयानं ‘आज योजनेत जागा नाही’ असं सांगितलं तर तक्रार करता येते, नाही असं नाही. पण ती योजना राबवणाऱ्या यंत्रणेकडेच जाते. पुढं उच्च न्यायालयात रिट करता येतं. पण ज्याचा पेशंट स्ट्रेचरवर आहे तो वकील कधी शोधणार?

दुसरी गोष्ट. विमा हे बिल भरण्याचं साधन आहे, त्यानं डॉक्टर जन्माला येत नाही. आपल्या योजनेत मोठे आजार आणि भरती होऊन घ्यायचे उपचार आहेत. रोजची बीपीची गोळी, साखरेची तपासणी, रुग्णालयापर्यंत जायचं एसटीचं किंवा जीपचं भाडं, सोबत राहणाऱ्याची बुडालेली मजुरी यांचा त्यात हिशेब नाही. फडात राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबाला तर आधी कागदच आठवावे लागतात, शिधापत्रिका गावाकडच्या पेटीत असते.

तिसरी गोष्ट तर निव्वळ खात्यांच्या भिंतीची आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. स्वागतार्ह निर्णय. त्यामुळे मंगळवेढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपरला पैसे नाहीत. पण त्या निर्णयात वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं नव्हती. पेशंट गंभीर झाला आणि सोलापूरच्या सिव्हिलला पाठवला, की खातं बदलतं आणि नियमही बदलतात. आजार जितका मोठा, तितकी मोफतीची खात्री कमी. असा उलटा न्याय मुद्दाम कुणी लिहिला नसेल. पण नागरिकाचा हक्क मध्ये ठेवून विचार केला नाही की असंच होतं.

कुणी म्हणेल, कायदा केला की सगळं सुटतं का? नाही सुटत, आणि हे आम्हाला ठासून सांगायचं आहे. धर्मादाय रुग्णालयांसाठी आपल्याकडे कायदा आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातलं कलम ४१ कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेली योजना. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बलांना सवलतीत, आणि बिलाच्या दोन टक्क्यांचा वेगळा निधी. किती गरजूंना हे माहीत असतं? दारावर पाटी नसेल आणि विचारणारा नसेल, तर कलमही कोठारासारखं कुलपातच राहतं.

राजस्थाननं मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा मंजूर केला. आणीबाणीत आगाऊ पैसे न मागता उपचार, हा त्याचा गाभा. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. ४ एप्रिलला समझोता झाला आणि ५० पेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालयं बाहेर ठेवायचं ठरलं. डॉक्टरांची एक शंका रास्त होती : सरकार पैसे कधी आणि किती देणार? पण या सवलतीचा अर्थ तालुक्याच्या गावात काय होतो ते पाहा. तालुक्याला मोठी खासगी रुग्णालयं असतातच किती? ती वगळली की कायदा शहरापाशी थांबतो.

तरीही कायद्याचा आग्रह का? कारण १९९६ चा एक निकाल. पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवलं, शेवटी खासगीत साधारण १७ हजार रुपये गेले. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वेळेवर उपचार न देणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब राज्याला सांगता येणार नाही. त्याला २५ हजारांची भरपाई मिळाली. हक्क आहेच, त्याला तालुक्यापर्यंत आणणारी वाट नाही. रुग्णालयं हा विषय घटनेनं राज्याच्या सूचीत ठेवला आहे, तेव्हा ही वाट मुंबईतच बांधायची आहे.

म्हणून आपली मागणी मोजकी असावी. पाच लाखांचं संरक्षण अधिनियमात लिहा, म्हणजे ते आदेशानं काढून घेता येणार नाही. नकार दिला तर तो लेखी, कारणासह, तिथल्या तिथे द्या. अपील तालुक्यात, दिवसांच्या मुदतीत, आणि दंड दाखल्याच्या दंडापेक्षा कमी नको. दोन्ही खात्यांच्या रुग्णालयांत एकच नियम. लहान खासगी रुग्णालयांनी आणीबाणीत उपचार केले, तर त्यांचे पैसे ठरलेल्या मुदतीत, नाहीतर व्याजासह. यांपैकी नकाराचा लेखी कागद आपण उद्यापासूनच मागू शकतो. कायदा येईल तेव्हा येईल, पण असे शंभर कागद जमले तर त्याची गरज कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

याच मंगळवेढ्यात गावकुसाचं बांधकाम कोसळलं आणि त्याखाली चोखोबा गेले, असं परंपरा सांगते. वेठीला धरलेला एक मजूर. दामाजींचं स्मरण आपण दयेसाठी करतो, ते करत राहू. चोखोबांचं स्मरण करताना मात्र एवढं विचारायला हवं, की आज भिंतीखाली सापडलेल्या मजुराला खाट कुणाच्या मर्जीनं मिळणार आहे, की त्याच्या स्वतःच्या अधिकारानं?