टेस्ट केसला वाचता येत नाही

लीप वर्ष ओळखणारा प्रोग्राम इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सगळेच लिहितात. समजा, एका मुलीने शंभराचा आणि चारशेचा नियम नीट सांभाळला, पण सुरुवातीला ‘वर्ष टाका’ अशी एक ओळ छापली. दुसऱ्या मुलाने फक्त चारने भाग जातो का, एवढंच पाहिलं. ऑटोग्रेडर आउटपुट अक्षर न् अक्षर जुळवणारा असेल आणि टेस्ट केसेसमध्ये १९०० हे साल नसेल, तर तिला शून्य आणि त्याला पैकीच्या पैकी.

यात सॉफ्टवेअरचं काही चुकलं नाही. त्याला सांगितलं तेवढं त्याने केलं. मुद्दा एवढाच की त्याला आपण ‘परीक्षक’ का म्हणतो?

ही कल्पना तशी जुनी आहे. १९६० साली नागपुरात व्हीआरसीई, म्हणजे आजचं व्हीएनआयटी, सुरू झालं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमधल्या जॅक हॉलिंग्जवर्थ यांनी विद्यार्थ्यांचे पंचकार्डांवरचे प्रोग्राम यंत्राकडून तपासून घेण्याबद्दल लेख छापला. आज एनपीटीईएलच्या प्रोग्रॅमिंग कोर्समध्येही काही टेस्ट केसेस दिसतात, काही लपलेल्या असतात.

ऑटोग्रेडरची बाजूही घेतली पाहिजे. सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राचं जर्नल उतरवून काढणाऱ्यांना जुनी पद्धत ठाऊक आहे. सही मिळायची, वाचायचं कोण? मशीन निदान प्रोग्राम चालवून बघतं, आडनाव बघत नाही आणि रात्री दोन वाजताही उत्तर देतं. साठ-सत्तर पोरांच्या वर्गासाठी एकट्या सरांना हे जमणार नाही.

२०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासायला घेतल्या. निकाल रखडले, शेवटी कुलगुरूंना पदावरून हटवण्यात आलं. तिथे गुण देणारे प्राध्यापकच होते, कोलमडली ती व्यवस्था. तो गोंधळ सगळ्यांना दिसला, म्हणून आरडाओरड झाली. ऑटोग्रेडरचा धोका उलटा आहे. तो व्यवस्थित चालतो, निकाल वेळेवर लागतो, म्हणून कुणी काही विचारतच नाही.

विचारायला हवं, कारण कोड हेही लेखन आहे. प्रोग्राम माणसांना समजावा म्हणून लिहावा, असा आग्रह डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ मध्ये ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ या लेखात धरला होता. नोकरीत आम्ही लिहितो त्याहून जास्त कोड वाचतो, तोही बहुतेक दुसऱ्याचा. व्हेरिएबलला दिलेलं नाव, फंक्शनची लांबी, एखादी अट का घातली याची कॉमेंट, यावर आमचे दिवस अडतात. चार वर्षं ज्याचं लेखन फक्त टेस्ट केसने पाहिलं, त्याला आपल्या कोडला वाचक असतो हेच कुणी सांगितलेलं नसतं. तो हिरव्या टिकेसाठी लिहायला शिकतो.

व्हर्जिनिया टेकमध्ये तयार झालेलं वेब-कॅट विद्यार्थ्यांना स्वतःच्या टेस्ट लिहायला लावतं आणि त्यांचेही गुण धरतं. आपल्याकडे तर व्हायवा आधीपासून आहे. “१९०० टाकलं तर काय होईल?” एवढा एक प्रश्न विचारला असता, तर त्या दोघांचे गुण तिथेच उलटले असते.

म्हणून कॉलेजांना एकच विचारायचं: मशीनने वाचवलेला वेळ गेला कुठे? व्हायवाला गेला असेल, तर ऑटोग्रेडर कामाचा. आणखी एक डिव्हिजन भरायला गेला असेल, तर जर्नलवरची न वाचता केलेली सहीच आता क्लाउडवर गेली आहे.