नायिकेचा नकार

भरताच्या नाट्यशास्त्रात स्त्रियांचे जे दहा स्वभावज अलंकार सांगितले आहेत, त्यांत ‘कुट्टमित’ हा एक होय. प्रियकराचा स्पर्श होताच नायिका वरकरणी रोष दाखविते, अंतर्यामी मात्र सुखावते. संस्कृत शृंगारापासून मराठी लावणीपर्यंत ह्या लटक्या नकाराने रसिकांना रिझविले आहे. काव्यातील हा संकेत काव्याबाहेरही प्रमाण मानावा काय, हा प्रश्न मात्र केवळ पांडित्याचा राहिलेला नाही.

२०१७ साली दिल्ली उच्च न्यायालयाने बलात्काराच्या एका खटल्यात आरोपीस दोषमुक्त करताना, क्षीण नकाराचा अर्थ होकारही असू शकतो, असे मत नोंदविले. उभयता परिचित, सुशिक्षित व विद्याव्यासंगी असतील आणि पूर्वी त्यांच्यात शारीरिक जवीक झालेली असेल, तर असा नकार खरा होता की नाही हे उलगडणे कठीण, असेही त्यात म्हटले आहे. दोषमुक्ती योग्य की अयोग्य, हा येथे विषय नाही. विषय आहे तो अर्थनिर्णयाच्या पद्धतीचा. परिचित आणि विद्याव्यासंगी स्त्रीपुरुष, हे वर्णन तर कोणत्याही विद्यापीठाच्या आवारास लागू पडते.

कुट्टमिताचा आस्वाद शक्य होतो, कारण नायिकेचे मन कवीने वाचकापुढे आधीच उघडलेले असते. तिचा रोष लटका आहे, ही ग्वाही कवीची असते. वसतिगृहाच्या खोलीत असा कोणी कवी नसतो. तेथे तरुणीच्या मनाची ग्वाही देणारी एकच व्यक्ती असते, ती स्वतः. आणि तिचे शब्द बाजूस सारून जो तिचे ‘अंतर्यामी’ वाचू पाहतो, तो स्वतःची इच्छाच वाचीत असतो. संहितेत नसलेला अर्थ तीवर लादणे हा समीक्षेत दोष ठरतो. येथे तो अपराध होतो.

हे ओळखणारे वाचन दिल्लीत पूर्वी झालेले आहे. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ ह्या खटल्यात, तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यातील दोघा शिपायांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, हे त्याचे एक कारण होते. त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार ह्या विधिशास्त्राच्या चार अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. शरण जाणे म्हणजे संमती देणे नव्हे, हा त्याचा गाभा. एका निकालपत्राचे इतके काटेकोर वाचन आपल्या वाङ्मयसमीक्षेतही विरळाच.

कायद्याने तो भेद पुढे स्वीकारला. २०१३ च्या दुरुस्तीनुसार संमती निःसंदिग्ध व ऐच्छिक हवी, आणि प्रतिकार न करणे म्हणजे संमती नव्हे. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हीच व्याख्या आहे. ‘निःसंदिग्ध’ ह्या शब्दापाशी साहित्याच्या अभ्यासकाने थबकावे. अनेकार्थता हे काव्याचे वैभव, असे तो वर्गात शिकवितो, आणि ते खरेच आहे. पण हे वैभव जेथे संपते ती सीमाही त्यानेच दाखवावयास हवी.

जवाहरलाल नेहरू विद्यापीठात लैंगिक छळाविरुद्ध १९९९ साली स्थापन झालेल्या समितीत विद्यार्थ्यांचे निर्वाचित प्रतिनिधी होते. २०१७ साली तिची जागा अंतर्गत समितीने घेतली. समित्यांचे स्वरूप बदलते. शृंगाराचा पाठ मात्र दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांपुढे होतो. नायिकेचा नकार समजावून देताना, तो ज्याने रचिला त्या कवीकडेही अध्यापकाने बोट दाखवावे.