टॉपसीला हात कोण लावणार?

'अंकल टॉम' ही आता शिवी झाली आहे. मालकापुढे लवणारा, लाथ खाऊन देवाचं नाव घेणारा काळा माणूस म्हणजे अंकल टॉम. आपल्या बैठकांतही हा शब्द सहज पडतो. पण हॅरिएट बीचर स्टोची मूळ कादंबरी वाचून शिवी देणारे थोडे. मी ती डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. तिच्याबद्दल बोलायचं आहे.

ही बाई धर्मोपदेशकाची मुलगी. १८५० साली अमेरिकेत कायदा झाला, की पळालेला गुलाम उत्तरेत सापडला तरी धरून मालकाच्या हवाली करायचा. त्या संतापातून 'अंकल टॉम्स केबिन' आली. १८५२ साली पुस्तक निघालं आणि पहिल्याच वर्षी अमेरिकेत ३ लाख प्रती गेल्या. १८६५ साली तिथली गुलामी कायद्यानं संपली. ती मोडणाऱ्या लोकांना जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली. म्हणून हे पुस्तक आपल्याला परकं नाही.

ही उघडउघड ख्रिस्ती कादंबरी आहे. प्रेम, कृपा, श्रद्धा हेच तिचं भांडवल. मग तिला आपण एकच विचारायचं. बाई, तुझं हे प्रेम गुलामाच्या किती कामाचं?

मिस ऑफिलिया ही उत्तरेतली सज्जन बाई. बायबल पाठ, गुलामीला विरोध. न्यू ऑर्लिन्सला तिचा चुलतभाऊ सेंट क्लेअर टॉपसी नावाची गुलाम पोर विकत आणतो आणि तिच्या पदरात टाकतो. ऑफिलिया तिला बायबल शिकवते, शिवण शिकवते, पण अंगाला अंग लागू देत नाही. पोरीला ते कळतं. ती हसत सांगते, बाईला माझ्यापेक्षा बेडकाचा स्पर्श परवडेल. छोटी इव्हा तिच्या खांद्यावर हात ठेवते तेव्हा ते पाहून ऑफिलिया कबूल करते, की मला हिचा स्पर्श सोसत नव्हता, पण हे हिला कळत असेल असं वाटलं नव्हतं.

दोस्तांनो, ही बाई आपल्या ओळखीची आहे. समतेवर भाषण करते, घरी आपला कप वेगळा ठेवते. तिला वाटतं आपल्याला कळत नाही.

पुढे ऑफिलिया टॉपसीला जवळ घेते. पण तिथं थांबत नाही. ही पोर माझ्या नावावर कर, आत्ताच्या आत्ता कागद कर, म्हणून भावाच्या मागे लागते. तो हसतो, पण सही करतो. टॉपसी वाचते. टॉमला मात्र त्यानं स्वातंत्र्य तोंडी कबूल केलेलं असतं. कागद पुरा होण्याआधी सेंट क्लेअर मारामारी सोडवताना मरतो आणि टॉम लिलावात लेग्रीकडे जातो. मालक प्रेमळ होता, सही नव्हती. साच्यावर बदली भरणाऱ्या माझ्यासारख्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता टॉम. त्याला बाईवर आसूड उगारायला सांगतात, तो नकार देतो. दोन बाया पळतात. त्याला ठाव माहीत असतो, तो सांगत नाही आणि मार खाऊन मरतो. हा माणूस खबऱ्या नव्हता. त्याच्या नावाची शिवी करणाऱ्यांनी हे वाचावं. पण मरताना तो सगळ्यांना क्षमा करतो, आणि इथं माझं लेखिकेशी भांडण आहे. खुनी लेग्री एक ठोसा खाऊन सुटतो. काळ्याची साक्ष कोर्टात चालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. क्षमा टॉमची आणि फायदा लेग्रीचा! आपल्याकडच्या अत्याचाराच्या खटल्यांत साक्षीदार कसे फुटतात ते पाहिलेल्या माणसाला ही कृपा पचत नाही.

शेवटी तर बाई जॉर्ज हॅरिसच्या सगळ्या कुटुंबाला लायबेरियाला धाडते आणि टॉपसीला धर्मप्रचारक करून आफ्रिकेत. एवढं प्रेम, पण आपल्या गावात घर द्यायला जागा नाही. आपण याला वेशीबाहेर ठेवणं म्हणतो. गुलामीतून पळालेला लेखक फ्रेडरिक डग्लस, त्यानं पुस्तक वाखाणलं, पण लायबेरियाला साफ नकार दिला. आम्ही इथलेच, इथंच राहणार, हा त्याचा बाणा.

म्हणून सांगतो, ही कादंबरी वाचा. टॉमच्या मरणापाशी रडू आलं तर रडा. पण लक्षात ठेवा ऑफिलियाला. आधी तिचा हात पुढे आला, मग तिनं कागद मागितला. जे प्रेम या दोन्हींना तयार नाही, त्याला आपण प्रेम का म्हणायचं?